अविवाहित जोडप्यासाठी भाड्याचे घर: मनीष नगरातील एका एजंटांच्या सेवेविषयी

लग्न करायचे की नाही हे ठरवण्याआधी काही काळ एकत्र राहून पाहू इच्छिणाऱ्यांना नागपुरात मोठी अडचण येते ती घराची, म्हणून मनीष नगरातील ज्या एजंटांनी आम्हाला फ्लॅट मिळवून दिला त्यांच्या कामाविषयी सविस्तर लिहीत आहे. आमच्या मिहानमधील नोकऱ्यांसाठी वर्धा रोडची बाजू सोयीची. पण भाडेकरू एक तर ‘फॅमिली’ असतो किंवा ‘बॅचलर’, असे मानणाऱ्या घरमालकांना आमच्यासारख्यांना कुठे बसवावे तेच कळत नाही.

याआधी दुसऱ्या एका एजंटाने मला मंगळसूत्र घालून घर पाहायला येण्याचा सल्ला दिला होता. जे नाते पारखून पाहायचे तेच लपवून जगायचे, हे आम्हा दोघांनाही मान्य नव्हते. यांनी मात्र प्रत्येक घरमालकाला फोनवरच सांगितले की दोघे सज्ञान व अविवाहित आहेत आणि दोन्ही घरी हे ठाऊक आहे. काहींनी तिथेच नकार दिला. ज्या काकूंनी होकार दिला, त्यांच्यापासून लपवण्यासारखे काही उरले नाही.

सर्वांत चांगले काम कराराचे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो व ती जबाबदारी घरमालकाची असते, तरीही अनेक जण नोटरीवर भागवतात. यांनी अकरा महिन्यांचा करार दोघांच्याही नावे ऑनलाइन नोंदवला, बोटांचे ठसे घरी येऊन घेतले आणि पोलिसांकडे द्यायची भाडेकरूंची माहितीही भरून दिली.

दोन नावांचा हा आग्रह मला मुलींसाठी फार मोलाचा वाटतो. सज्ञान व्यक्तींनी संमतीने एकत्र राहणे गुन्हा नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्पष्ट केले आहे आणि २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा विवाहसदृश नात्यातील स्त्रीलाही संरक्षण देतो. पण नाते तसे आहे का हे ठरवताना न्यायालय सहवासाचा काळ, सामाईक घर, पैशांचे व्यवहार आणि समाजातील वावर पाहते, त्यामुळे नुकत्याच सुरू झालेल्या सहवासाला ते संरक्षण मिळेलच असे नाही. अशा वेळी नाते तुटले, तर करारात जिचे नाव नाही तिलाच बॅग उचलून निघावे लागते.

उणिवाही आहेत. एका महिन्याच्या भाड्याइतके ब्रोकरेज घर पसंत पडल्यावर सांगितले गेले, ते आधी सांगायला हवे होते. डिपॉझिटची पावती एकाच नावाने आली होती, ती आम्ही बदलून घेतली. दोघांपैकी एकाने घर सोडल्यास दुसऱ्याला राहता येईल का आणि डिपॉझिट कोणाला किती परत मिळेल, ही कलमे त्यांच्या मसुद्यात नव्हती. आम्ही मागितल्यावर त्यांनी लगेच घातली. त्यांच्याकडे जाणाऱ्यांनी ती नोंदणीपूर्वीच मागून घ्यावीत, कारण नंतर मजकूर सहज बदलता येत नाही.