वायरलेस गेमिंग हेडसेट की वायरवाला ओपन-बॅक? दोन्ही वापरून झाल्यावर

गेले सात-आठ महिने टेबलावर दोन्ही आहेत. एक २.४ गिगाहर्ट्झच्या डोंगलवर (यूएसबीत खोचायच्या छोट्या रिसीव्हरवर) चालणारा वायरलेस गेमिंग हेडसेट, बंद कपांचा, माइकसकट. दुसरा वायरवाला ओपन-बॅक, म्हणजे कपांची बाहेरची बाजू उघडी असलेला हेडफोन, १२० ओमचा (ओम जितके जास्त, तितका तो चालवायला जड), बिनमाइकचा. कंपन्यांची नावं मुद्दाम घेत नाही. तक्रारी दोघांबद्दलही आहेत आणि त्यातल्या बहुतेक त्या त्या प्रकाराला चिकटलेल्याच आहेत.

आवाजाचं आधी उरकतो, कारण तिथे फारशी चुरस नाही. हेडसेटचा बेस कंपनीनेच फुगवलेला आहे. गाड्यांच्या शर्यती, स्फोट, मोठ्या लढाया यांना मजा येते, नाही असं नाही. पण शूटर गेममध्ये तोच बेस नडतो. ग्रेनेड फुटला की गडगडाट ओसरेपर्यंत जिन्यावरची पावलं त्याखाली गडप. ओपन-बॅकवर त्याच नकाशात, त्याच जिन्यावर पत्र्यावरचं पाऊल वेगळं आणि लाकडावरचं वेगळं ऐकू येतं. कपाची बाहेरची बाजू जाळीची असल्यामुळे आवाज डोक्यात कोंडल्यासारखाही वाटत नाही. गाण्यांचं तर बोलायलाच नको. डग्ग्याचा घुमारा हेडसेटवर नुसता ‘धम्म’ होऊन संपतो.

खोक्यावर ७.१, म्हणजे चहूबाजूंनी आवाज, असं छापलेलं बघून भुलू नका. माझ्या हेडसेटमध्ये ड्रायव्हर (आतले छोटे स्पीकर) दोनच आहेत, कानाला एक. बाकी सगळी सॉफ्टवेअरची करामत. व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइकमध्ये गेमचाच एचआरटीएफ (दोन कानांत आवाजाची दिशा बसवणारी सोय) चालू करा आणि हेडसेटचं ७.१ बंद ठेवा. दोन्ही एकदम चालू असले की एकाने दिशा बसवलेल्या आवाजावर दुसरा पुन्हा हात फिरवतो आणि मागून येणारा गडी विहिरीतून बोलल्यासारखा येतो.

लॅगची, म्हणजे आवाज उशिरा येण्याची, धास्ती अनेकांना असते. डोंगलवर मला तो कधी जाणवला नाही. ब्लूटूथवर मात्र गोळी आधी आणि आवाज नंतर. शिवाय नेहमीच्या ब्लूटूथवर माइक चालू झाला की हेडसेट कॉलच्या प्रोफाइलवर जातो आणि गेमचा आवाज मोनो, पार टेलिफोनसारखा होतो. गेमसाठी डोंगलच.

डोंगलनेही सुरुवातीला डोकं उठवलं होतं. पीसीच्या मागच्या बाजूला डोंगल आणि त्याच्या शेजारीच यूएसबी ३ ची हार्ड डिस्क. एखादी मोठी फाइल कॉपी करायला लावली की आवाज तुटक यायचा. यूएसबी ३ चा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातही पसरतो. इंटेलने २०१२ मध्येच यावर सविस्तर लिहून ठेवलंय. एक्स्टेन्शन वायर लावून डोंगल टेबलावर आणला, कटकट मिटली. (वायरलेससाठी वायर घ्यावी लागली, ते सोडा.)

वायरवाल्याची दुखणी वेगळी. तीन मीटर वायर खुर्चीच्या चाकाखाली येते म्हणजे येतेच. पीसीच्या पुढच्या जॅकला लावला तर माउस हलवताना बारीक चिरचिर ऐकू यायची. छोटा यूएसबी डॅक (पीसीबाहेरचं साउंड कार्डच म्हणा) लावल्यावर ती गेली. १२० ओमला तेवढं पुरतं. ३०० ओमचा घेणार असाल तर ॲम्पचा (आवाजाला जोर देणाऱ्या वेगळ्या डब्याचा) विचार आधी करा, नाहीतर आवाज पूर्ण वाढवूनही जीव येत नाही.

पण खरी गोची माइकची आहे, आणि रोज कोणता हेडफोन डोक्यावर चढतो हे शेवटी त्यावरच ठरलं. हेडसेटचा माइक काही भारी नाही, आवाज थोडा नाकातून येतो. पण तो तोंडाशी असतो, दांडी वर केली की म्यूट होतो आणि साइडटोनमुळे आपलाच आवाज कानात येत असल्याने ओरडून बोललं जात नाही. ओपन-बॅकला साइडटोनची गरजच नाही, आपला आवाज सरळ आत येतो. माइक मात्र वेगळा घ्यावा लागतो. टेबलावरचा घेतला तर मित्रांना माझ्यापेक्षा माझा कीबोर्डच जास्त ऐकू जायचा. कपाला चिकटवायचा घेतला तर आणखी एक वायर. त्यात आवाज जाळीतून बाहेर सांडतो, त्यामुळे रात्री खोलीत कोणी झोपलं असेल तर विषयच संपला. म्हणून टोळी जमली की हेडसेट, एकट्याने खेळायचं किंवा गाणी ऐकायची असली की ओपन-बॅक.

उन्हाळ्यात बंद कपांत कान उकडून निघतात. त्यांचं रेक्झिन आत्ताच सोलायला लागलंय, काळे पापुद्रे कानाला चिकटतात. ओपन-बॅकच्या मखमली गाद्या जशाच्या तशा आहेत. चष्मा लावून तासन्‌तास बसायलाही तोच बरा.

टिकण्याच्या बाबतीत वायरवाल्यावर माझा जास्त भरवसा आहे. सेनहायझरचा एचडी ६०० १९९७ चा, अजून विकला जातो, गाद्या आणि वायर सुट्या मिळतात. वायरलेसची बॅटरी बहुतेकदा आत बंद असते आणि ती दमली की चांगला चालणारा हेडसेट चार्जरला बांधला जातो. स्टीलसिरीजच्या आर्क्टिस नोव्हा प्रो वायरलेससारख्या थोड्यांमध्येच बॅटरी काढून बदलता येते. वायरलेस घ्यायचं पक्कं असेल, तर किती तास चालतो याच्याआधी बॅटरी बदलता येते का ते बघा.