पाव फेऱ्याचे साडेतीन हजार

गिटारची नेक, म्हणजे लांब दांडा, वाकलीय म्हणून कुणी हजारांत पैसे मागितले, तर गिटार त्याच्याकडे ठेवून येण्याआधी हे वाचा. मी ठेवून आलो होतो.

माझी अकूस्टिक गिटार सहा वर्षांची. सोलापूरचा मे महिना तुम्हाला माहीतच आहे. त्या दिवसांत तारा फ्रेटपासून (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांपासून) इतक्या वर आल्या, की बार कॉर्ड, म्हणजे एका बोटाने सगळ्या तारा, दाबताना मनगट भरून यायचं. जुळे सोलापूरहून स्कूटरवर, गिटार पाठीला लावून शहरातल्या एका दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्याने एक डोळा मिटून नेकवरून नजर फिरवली.

"नेक गेलीय ओ सर. पीळ पडलाय. तारा काढून, गरम करून प्रेसमध्ये ठेवायला लागंल."

आठ दिवस, साडेतीन हजार, नव्या तारांसह. पावती मागितली तर म्हणाला, "आपण इथंच आहोत की सर."

आठ दिवसांनी गिटार खरंच हलकी वाजली. खुशीत पैसे दिले, वर शेंगाचटणीचं पाकीटही दिलं. आता पैशांपेक्षा ते पाकीट जास्त झोंबतंय.

तीन दिवसांत पहिल्या चार-पाच फ्रेटवर तारा चरचरायला लागल्या. परत गेलो. आता म्हणे फ्रेट झिजलेत, बदलायचे सहा हजार. विचार करून सांगतो म्हटलं आणि घरी आलो.

चोरी पकडली आमच्या अण्णांनी. त्यांची उभी हयात कापड विणायच्या मागावर गेली, गिटारमधलं त्यांना काही कळत नाही. त्यांनी विचारलं, "नव्या तारा टाकल्या म्हणतोस, मग ही गंजकी कशी?" मी खुंट्यांकडे बघितलं. तारेचं टोक टोचू नये म्हणून मी त्याची गोल कडी करतो. तिसऱ्या तारेची माझीच कडी जशीच्या तशी होती. म्हणजे तारा निघाल्याच नव्हत्या, आणि तारा न काढता नेक प्रेसमध्ये जात नाही. मग साउंडहोलमध्ये आरसा धरून टॉर्च मारला. फ्रेटबोर्डच्या टोकाखाली षटकोनी खाच दिसली. आजूबाजूला सहा वर्षांची धूळ, आणि तेवढ्या खाचेत ताजे चकचकीत ओरखडे.

ती ट्रस रॉडची खाच. बारा नंबरच्या (सगळ्यात बारीक तार ०.०१२ इंचाची) सेटच्या सहा तारा मिळून नेकला साधारण ७० किलोंनी ओढतात. ट्रस रॉड म्हणजे नेकच्या आतली लोखंडी सळई, ती त्याविरुद्ध जोर लावते. घड्याळाच्या दिशेने आवळली की नेक सरळ होते, सैल केली की तारांच्या ओढीने पुढे झुकते. त्याने एवढंच केलं होतं, तेही गरजेपेक्षा जास्त आवळून. आणि पीळ? खरंच पीळ असता तर तो ट्रस रॉडने निघालाच नसता. अण्णांना हे सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे मागावरच्या ताण्याचा, उभ्या सुतांचा, ताण बघायचा तसंच. त्याला आठ दिवस?"

पहिल्या फ्रेटवर कापो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावा, नेक जिथे बॉडीला मिळते त्या फ्रेटवर जाड तार दाबा आणि सहाव्या-सातव्या फ्रेटवर तारेखाली फट बघा. पाव मिलिमीटरच्या आसपास हवी, म्हणजे व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल इतकी. माझ्याकडे फट नव्हतीच. हार्डवेअरच्या दुकानातून नेमक्या मापाची ॲलन की आणली (ढिली बसली तर खाच झिजते), तारा थोड्या सैल केल्या आणि उलट्या दिशेने पाव फेरा दिला. पुन्हा सुरात लावून रात्रभर तशीच ठेवली. सकाळी चरचर गेली होती. एका वेळी पाव फेऱ्याच्या पुढे जाऊ नका, आणि अडलं तर जोर लावू नका, कारण रॉड तुटला तर खर्च खरंच हजारांत जातो. फट बरोबर असूनही तारा उंचच असतील तर दोष सॅडलचा (बॉडीवर तारा टेकतात त्या पट्टीचा) किंवा नेकच्या कोनाचा, रॉड पिळत बसू नका. नायलॉनच्या तारांच्या बऱ्याच क्लासिकल गिटारींना हा रॉड नसतोच.

पैसे मागायला गेलो. पावती नव्हती, तेव्हा ग्राहक हेल्पलाईनच्या १९१५ वर तरी काय सांगणार? त्याने गिटार मांडीवर घेतली, दोन कॉर्ड वाजवले आणि हसला.

"बघा, बसली की नेक. वेळ लागतोय ओ थोडा."

ते ऐकून शेजारी उभ्या कॉलेजच्या पोराने आपली गिटार काउंटरवर ठेवली.