द लॅव्हेंडर हिल मॉब (१९५१): सोन्याच्या तस्करीची धमाल कॉमेडी

जुन्या ब्रिटिश कॉमेडीची ओळख करून घ्यायची असेल तर ईलिंग स्टुडिओचा हा पिक्चर आधी बघा. ब्लॅक अँड व्हाईट आहे, दीड तासाचाही नाही, आणि कुठेच रेंगाळत नाही.

अॅलेक गिनेस (हो, स्टार वॉर्समधला ओबी-वान) बँकेतला पापभीरू क्लार्क झालाय, वीस वर्षं सोन्याच्या विटांच्या गाडीबरोबर जातोय, साहेबांना वाटतं हा बिचारा काय करणार, आणि याच्या डोक्यात मात्र एकच किडा, सोनं उचलता येईल पण देशाबाहेर काढायचं कसं? मग तो राहतो तिथेच स्टॅनली हॉलोवे राहायला येतो, त्याचा धंदा काय तर शिशाचे छोटे आयफेल टॉवर ओतून सोनेरी मुलामा देऊन पॅरिसला विकायला पाठवायचे. आता शिशाच्या जागी खरंच सोनं ओतलं तर कस्टमवाल्याला काय कळणार! इतकी साधी आयडिया आहे की ती सुचते त्या क्षणी दोघांचे चेहरे बघताना आपल्यालाच हुरूप येतो. लेखक टी. ई. बी. क्लार्कला या कथा-पटकथेसाठी ऑस्कर मिळालं ते अगदी योग्य.

दोघांनाही चोरीचा अनुभव शून्य, म्हणून साथीला सराईत चोर मिळावेत यासाठी लोकांच्या गर्दीत मुद्दाम मोठमोठ्याने बोलतात की आमच्या कारखान्याची तिजोरी बिघडलीय, आणि रात्री चोर येण्याची वाट बघत बसतात. आलेल्या दोन चोरांपैकी एकजण पुढे पॅरिसला यायला नकार देतो, कारण टेस्ट मॅच! क्रिकेटवेड्या माणसाला हे सांगायची गरजच नाही.

पण खरी मजा पॅरिसमध्ये. चुकीची पेटी उघडली जाते, सोन्याचे सहा टॉवर इंग्लंडहून आलेल्या शाळकरी मुलींना विकले जातात, आणि हे दोघं आयफेलच्या गोल जिन्यावरून गरगरत खाली पळतात, हसतायत काय, चक्कर येतेय काय, कॅमेरा पण त्यांच्यासोबत फिरतो. पुढे त्या मुलींच्या मागे फ्रान्सच्या कॅले बंदरात इंग्लंडची बोट पकडायची असते तर तिकीट, पासपोर्ट, कस्टम, सगळीकडे अडकतात, म्हणजे एवढं सोनं बिनबोभाट पार करणारी माणसं खिशात काही नसताना कस्टममध्ये लटकतात, हा सीन मला सगळ्यात आवडला.

शेवटाकडची पोलीस गाड्यांची पळापळ जरा लांबलीय आणि बायकांना कामं फार थोडी, एवढीच तक्रार. सबटायटल लावूनच बघा, बोलणं फास्ट आहे. आणि पहिल्या सीनमध्ये मोबाईल बघत बसू नका, पुढे हॉलिवूडची मोठी स्टार झालेली ऑड्री हेपबर्न काही सेकंदांसाठी येऊन जाते.