खोल डाइव्हसाठी कॅमेऱ्याचे फ्लोट : मऊ फोम की पोकळ कार्बन आर्म?

कॅमेऱ्याचे अ‍ॅल्युमिनियमचे हाउसिंग (जलरोधक कवच), दोन स्ट्रोब (फ्लॅश) आणि ते जोडणारे क्लॅम्प असा संच पाण्यातही सहज किलोभर जड राहतो आणि तो सारा भार मनगटावर येतो. तो हलका करण्यासाठी आर्मवर, म्हणजे स्ट्रोब धरणाऱ्या दांड्यांवर, चढवायच्या मऊ फोमच्या नळ्या स्वस्त असतात, आणि उथळ पाण्यात त्या चोख काम करतात. खोलीवर मात्र त्यांच्यावर विसंबणे मला पटत नाही. समुद्रात दर 10 मीटरला दाब सुमारे एका वातावरणाने वाढतो, म्हणजे 40 मीटरवर तो पृष्ठभागाच्या पाचपट होतो. त्या दाबाखाली फोममधली हवा आवळली जाते, नळीचे आकारमान घटते आणि नेमका फोटो घेण्याच्या वेळी प्लावक बल कमी पडते. क्लॅम्पला टेकलेली नळी आखडून तिथे फट पडलेली डोळ्यांनाही दिसते. वारंवार खोल नेलेला फोम पुढे पूर्ववत फुगतही नाही.

कार्बन फायबरच्या पोकळ, बंद आर्मची गोष्ट वेगळी आहे. कवच कडक असल्यामुळे उत्पादकाने दिलेल्या खोलीच्या मर्यादेपर्यंत त्यांचे बल जवळजवळ तेवढेच राहते. एक लिटर आकारमानाच्या आर्मला समुद्राच्या पाण्यात साधारण 1.025 किलो वजा त्याचे स्वतःचे वजन इतका उचल मिळतो. जाडीमुळे प्रवाहात ते ओढ घेतात, ही अडचण खरी आहे. त्याहून गंभीर धोका गळतीचा, कारण पाणी शिरलेला फ्लोट स्वतःच ओझे होतो. म्हणून डाइव्हनंतर धुतलेला प्रत्येक आर्म कानाशी धरून हलवावा आणि आत पाण्याचा आवाज आला तर तो बाजूला काढावा.

राळेत काचेचे पोकळ सूक्ष्म गोळे मिसळून केलेला सिंटॅक्टिक फोम सर्वांत भक्कम. 2012 साली मारियाना गर्तेच्या तळाशी गेलेल्या ‘डीपसी चॅलेंजर’ या पाणबुडीमध्ये तोच वापरला होता. पण तेवढ्याच आकारमानात तो पोकळ आर्मपेक्षा कमी उचल देतो, त्यामुळे मनोरंजनात्मक डाइव्हिंगच्या 40 मीटरच्या मर्यादेत मी कार्बन आर्मच घ्यायला सांगेन.

खरेदीपूर्वी नेहमीची लेन्स आणि पोर्ट (हाउसिंगवरची लेन्ससमोरची काच) लावून संच पाण्यात ताणकाट्याला टांगावा, कारण मोठा डोम (घुमटाकार) पोर्ट स्वतःच बराच भार उचलतो. संच पूर्ण तरंगता न करता 100-200 ग्रॅम जड ठेवावा. मोजणी गोड्या पाण्यात केली असेल, तर 8 लिटर आकारमानाचा संच समुद्रात सुमारे 200 ग्रॅमने हलका होईल, हे धरूनच फ्लोट निवडावेत.