लाल टिकली

कोल्हापुरात चित्रकार म्हणून राहायचे तर केवळ चित्रे विकून भागत नाही, हे जी. डी. आर्ट ही चित्रकलेची पदविका झाल्यावर दोन वर्षांतच माझ्या ध्यानात आले. माझे घर एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या शिकवणीवर चालते. २२ मुले आणि दरमहा प्रत्येकी ५०० रुपये. त्याखेरीज कोणाच्या दिवंगत वडिलांचे फोटोवरून व्यक्तिचित्र करणे आणि गणपतीआधी मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करणे, एवढीच वरकमाई. स्वतःसाठी रंगवलेले कॅनव्हास भिंतीला टेकून उभे असतात. अशा माणसाला मुंबईहून ‘निवड समितीने आपली निवड केली आहे’ असे पत्र आले, की तो ते दोनदा वाचतो. मी चारदा वाचले.

समूह प्रदर्शन उपनगरातील एका हॉटेलच्या सभागृहात होते. दोन चित्रांसाठी १८,००० रुपये सहभाग शुल्क होते आणि त्यात रंगीत कॅटलॉग, मान्यवरांच्या हस्ते उद्घाटन व परदेशी संग्राहकांची भेट असे सारे अंतर्भूत होते. जहांगीर कलादालनात तारीख मिळायला वर्षानुवर्षे वाट पाहावी लागते, तेव्हा ही संधी सोडू नये, असे मीच माझ्या पत्नीला पटवून दिले. फ्रेमसाठी ६,४०० आणि टेम्पो, प्रवास व मुक्काम मिळून ३,९०० रुपये खर्च झाले.

उद्घाटनाच्या सकाळी काही चित्रांखाली लाल टिकल्या दिसू लागल्या. चित्र विकले गेल्याची ही खूण असते, हे चित्रकारांना सांगायला नको. सभागृहात तोवर आम्ही सहभागी आणि चहा देणारा मुलगा यांखेरीज कोणीही नव्हते. आयोजकांनी शर्टाच्या खिशातून टिकल्यांचा कागद काढला, तो नखाने सोलला आणि माझ्या ‘पावसातला पंचगंगा घाट’ या चित्राच्या चौकटीखाली एक टिकली चिकटवली, हे मी तीन फुटांवरून पाहिले. तरीही मला शंका आली नाही. उलट छाती भरून आली.

आठवड्याने फोन आला, की चित्र ८५,००० रुपयांना परदेशी गेले आहे, मात्र रक्कम सोडण्यापूर्वी १८ टक्के कर, म्हणजे १५,३०० रुपये, आपण भरावेत. मी ते त्याच संध्याकाळी पाठवले. खाते एका व्यक्तीच्या नावावरचे बचत खाते होते, आणि तिथेच मी थांबायला हवे होते. जीएसटी लागलाच तर तो बिलात ग्राहकाकडून घेतला जातो आणि विक्रेता सरकारी चलनाने तो जमा करतो. शिवाय निर्यातीवर हा कर शून्य दराने असतो. हे मला नंतर माझ्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी, जे कर सल्लागार आहेत, पाच मिनिटांत समजावले.

एकूण ४३,६०० रुपये गेले, म्हणजे शिकवणीचे जवळजवळ चार महिने. चित्रही परत आले नाही, कारण ते ताब्यात घेताना त्यांनी पावती दिली नव्हती आणि मीही मागितली नव्हती. कॅटलॉगमध्ये ४६ नावे होती. प्रत्येकाचे १८,००० धरले तर ८,२८,००० रुपये दारे उघडण्यापूर्वीच जमा झालेले होते. मग चित्र विकण्याची गरज त्यांना कशासाठी उरणार? कमिशनवर चालणारी गॅलरी विक्रीतील तिसरा हिस्सा, कधी निम्मा, घेते. ते आपल्याला खुपते, पण चित्र विकले गेल्याशिवाय तिलाही काही मिळत नाही. भाड्याने जागा देणारी दालनेही प्रामाणिक असतात, कारण ती भाड्याला भाडेच म्हणतात आणि विक्रीचे आश्वासन देत नाहीत. माझ्या आयोजकांचे ग्राहक आम्हीच होतो.

मी १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार केली, पण पैसे पाठवून तीन आठवडे उलटल्यावर. तोवर खाते रिकामे झाले होते. लाजेपोटी दवडलेले ते दिवस सर्वांत महाग पडले.

गेल्या महिन्यात माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने मला तिला आलेले निवडपत्र उत्साहाने दाखवले. संस्थेचे नाव नवे होते, शुल्क २२,००० झाले होते आणि सोबतच्या माहितीपत्रकात ‘मागील प्रदर्शनात विकली गेलेली चित्रे’ या मथळ्याखाली सहा छायाचित्रे होती. तिसऱ्यात माझा पंचगंगेचा घाट होता, चौकटीखालच्या लाल टिकलीसह.