एनएटएन, नोड-रेड की ॲक्टिव्हपीसेस? आधी लॉगिन कोणाचं ते बघा

बाणेरचा माझा एक मित्र दवाखान्यांना अपॉइंटमेंटचं सॉफ्टवेअर विकतो. आता त्यात ऑटोमेशन घालायचंय. वेगवेगळी ॲप्स जोडून कामं आपोआप करून घेणारी तयार साधनं त्यासाठी मिळतात: एनएटएन (n8n), नोड-रेड, ॲक्टिव्हपीसेस. "एनएटएन आपल्याच सर्व्हरवर टाकतो, फुकट तर आहे!" मी म्हटलं, आत लॉगिन कोणाचं जाणार?

एनएटएनचा कोड सगळ्यांना दिसतो, म्हणून लोक त्याला ओपन सोर्स समजतात. ते तसं नाही. 2022 पासून त्याला 'सस्टेनेबल यूज लायसन्स' आहे. कंपनीच्या घरच्या कामाला, म्हणजे आपली बिलं, आपले मेल, आपलं सीआरएम (ग्राहकांच्या नोंदींचं सॉफ्टवेअर) यासाठी खुशाल वापरा. गिऱ्हाइकाकडे बसवून द्यायचे, वर्कफ्लो (आपोआप चालणाऱ्या कामांची साखळी) बांधून द्यायचे पैसे घेतले तरी चालतं. पण प्रत्येक डॉक्टरचं जीमेल आपल्या इन्स्टन्सला (आपल्या सर्व्हरवर चालणाऱ्या प्रतीला) जोडायचं आणि महिन्याला पैसे घ्यायचे, तर वेगळा करार लागतो. आपला लोगो चिकटवून विकणं त्यातच आलं. मागच्या बाजूला आपल्याच खात्यावरून काम होत असेल, ग्राहकाचं लॉगिन कुठेच घेत नसाल, तर सहसा अडचण नाही. मात्र मालाची किंमतच मुळात एनएटएनमुळे असेल तर आहे.

नोड-रेड 2013 मध्ये आयबीएमात जन्मलं. लायसन्स अपाची 2.0. भोसरीतल्या कारखान्याला गेटवेच्या (यंत्रं नेटवर्कला जोडणाऱ्या) डब्यात घालून विका, कोणी विचारणार नाही. लायसन्सची प्रत सोबत द्या, बदललेल्या फाइलींवर तशी नोंद ठेवा. इतरांनी लिहिलेल्या नोड्सचं (त्यात जोडायच्या तयार तुकड्यांचं) लायसन्स मात्र वेगळं असू शकतं, आणि ते सहसा कोणी उघडूनही बघत नाही. शिवाय एका इन्स्टन्सवर अनेक ग्राहक वेगवेगळे ठेवायची सोय त्यात तयार मिळत नाही. ती मेहनत तुमची.

ॲक्टिव्हपीसेसची कम्युनिटी आवृत्ती एमआयटी या मोकळ्या लायसन्सखाली आहे. मोह इथेच होतो. आपल्या उत्पादनात ते बेमालूम बसवायची सोय पैसे भरून घ्यायच्या भागात आहे.

विंडमिल हे असंच आणखी एक साधन एजीपीएल लायसन्सखाली येतं: बदल करून नेटवर्कवर सेवा दिलीत, तर बदललेला कोड वापरणाऱ्यांना द्यावा लागतो.

मित्राला म्हटलं, सुविधांची यादी काढ आणि ज्यात डॉक्टरचं लॉगिन लागतं तिथे खूण कर. पंधरापैकी खूण एकाच ओळीवर आली. तेवढी सुविधा तो स्वतः लिहितोय. उरलेल्या चौदा नेमक्या कशा वापरणार, हे कळवून त्याने एनएटएनकडे लेखी उत्तर मागितलंय.