‘चार्जर बसवा, हजार डॉलर मिळवा’ म्हणणाऱ्यांपासून सावध राहा

न्यू जर्सीत इलेक्ट्रिक गाडी घेतलेल्या किंवा घेणार असलेल्या मराठी कुटुंबांसाठी हे लिहिते आहे. घरी चार्जर बसवला की सरकार हजार डॉलर देतं, असं सांगून काही मंडळी आपल्या लोकांच्या घराघरांत शिरली आहेत. आम्हाला त्यांनी फसवलं. आमच्या ओळखीच्या एका निवृत्त जोडप्याला त्याहून वाईट फसवलं. ही सवलत ३० जून २०२६ ला संपते आहे, म्हणजे तोपर्यंत त्यांची घाई आणि गोड बोलणं दोन्ही वाढणार. म्हणून आत्ताच लिहिते.

सवलत खोटी नाही, हे आधी सांगायला हवं, कारण सगळी फसवणूक तिच्या खरेपणाच्या आधारावर चालते. केंद्रीय करकायद्याच्या कलम ३०सी नुसार राहत्या घरी चार्जर बसवण्याच्या खर्चाच्या ३० टक्के रक्कम तुमच्या प्राप्तिकरातून वजा होते, एका चार्जरमागे जास्तीत जास्त १,००० डॉलर. पण १ जानेवारी २०२३ पासून त्याला पत्त्याची अट लागली आहे. तुमचं घर ज्या सेन्सस ट्रॅक्टमध्ये, म्हणजे जनगणनेसाठी आखलेल्या छोट्या भागात आहे, तो ट्रॅक्ट एकतर कमी उत्पन्नाचा किंवा शहरी नसलेला असला पाहिजे. कमी उत्पन्नाचा म्हणजे साधारणपणे जिथे गरिबीचं प्रमाण किमान २० टक्के आहे, किंवा जिथलं मध्यम कौटुंबिक उत्पन्न आसपासच्या मोठ्या प्रदेशातल्या उत्पन्नाच्या ८० टक्क्यांच्या वर जात नाही, असा भाग. चांगल्या शाळा बघून आपण ज्या गावांत घरं घेतो, त्यांतले पुष्कळसे भाग यात बसत नाहीत. एडिसनजवळचं आमचं घर बसत नाही. आणि हे शोधायला कोणालाही पाच मिनिटं पुरतात.

गेल्या दिवाळीच्या सुमारास एका मेळ्यात त्यांचा स्टॉल होता. फराळाच्या स्टॉलशेजारीच, म्हणजे तिथून प्रत्येक जण जाणारच. स्टॉलवरचा मुलगा स्वच्छ मराठी बोलत होता. “ताई, गाडी कुठली घेतलीत? घरी चार्जर आहे का?” असं सुरू करून त्याने आम्हाला बसवलंच. गाव विचारलं, माहेर विचारलं, त्याच्या मामाचं गाव तिथून जवळ निघालं. परदेशात असं कोणी भेटलं की माणूस सैल होतो, आणि त्याला हेच हवं होतं. “आपल्या माणसांना मी चुकीचं सांगेन का?” हे वाक्य त्याने पुन्हा पुन्हा म्हटलं. त्या मुलाचा मला सगळ्यात जास्त राग याच वाक्यासाठी आहे.

मग त्याने तारखांचा धाक घातला. तारखा सगळ्या खऱ्या होत्या, पण त्याने त्यांची अशी सरमिसळ केली की ऐकणाऱ्याला फक्त घाईच कळावी. जुलै २०२५ मध्ये कायदा बदलला आणि इलेक्ट्रिक गाडीवरची सवलत ३० सप्टेंबर २०२५ नंतर घेतलेल्या गाड्यांना बंद झाली. घरावरच्या सोलरची सवलत ३१ डिसेंबर २०२५ ला संपायची होती. चार्जरची मुदत मात्र ३० जून २०२६ पर्यंत होती. तो म्हणाला, “गाडीचं गेलंच, आता डिसेंबरअखेर चार्जरचंही जाईल.” आम्हाला खरं तर आठ महिने होते.

सही टॅब्लेटवर घेतली. करार नंतर ईमेलने आला. त्यात ४,६०० डॉलरचा आकडा होता: चार्जर, वायरिंग आणि नवीन इलेक्ट्रिक पॅनल, म्हणजे घरातल्या ब्रेकरची मुख्य पेटी. तोंडी हिशोब असा की ३० टक्के, म्हणजे जवळजवळ १,४०० डॉलरचा चेक सरकारकडून घरी येईल. यात दोन खोट्या गोष्टी आहेत. मर्यादा हजाराची आहे. आणि चेक वगैरे काही येत नाही, सवलत फक्त तुमच्या देय करातून वजा होते. कर शून्यावर आला की उरलेली सवलत बुडते, घरगुती चार्जरच्या बाबतीत ती पुढच्या वर्षीही नेता येत नाही. कराराच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात लिहिलं होतं की करसवलतीबद्दल कंपनी कोणतीही हमी देत नाही, ग्राहकाने आपल्या सल्लागाराला विचारावं. म्हणजे विक्रीसाठी तोंडाने एक सांगायचं आणि कागदावर त्याच्या उलट लिहून ठेवायचं, हे आधीच ठरलेलं होतं.

मेळ्यात, हॉलमध्ये किंवा हॉटेलात अशा तात्पुरत्या जागी १३० डॉलर किंवा त्याहून मोठी विक्री झाली, तर केंद्रीय नियमाप्रमाणे तीन कामाच्या दिवसांत ती कारण न देता रद्द करता येते. विक्रेत्याने हा हक्क तोंडी सांगायचा असतो आणि रद्द करण्याच्या फॉर्मच्या दोन प्रती हातात द्यायच्या असतात. न्यू जर्सीत तर घरदुरुस्तीचा ५०० डॉलरच्या वरचा प्रत्येक करार लेखी लागतो, त्यावर कंत्राटदाराचा राज्याकडचा नोंदणी क्रमांक लागतो, आणि तिथेही तीन दिवसांत रद्द करण्याचा हक्क आहे. आमच्या करारावर क्रमांक नव्हता, रद्द करण्याचा फॉर्म नव्हता, आणि करार ईमेलने आला तेव्हा तीन दिवस उलटून गेले होते. हा योगायोग आहे असं मी मानत नाही.

पॅनलचं प्रकरण वेगळं सांगते, कारण जास्तीत जास्त पैसे तिथेच गेले. घरी आलेल्या माणसाने पॅनलचं दार उघडलं, मान हलवली आणि म्हणाला, “हे लोड धरणार नाही.” आमचं पॅनल २०० अँपिअरचं. घराचं एकूण लोड किती, त्यात चार्जर बसतो का, याचं एक ठरलेलं गणित असतं, त्याला लोड कॅल्क्युलेशन म्हणतात. त्याने ते केलं नाही. नंतर एका परवानाधारक इलेक्ट्रिशियनने ते कागदावर करून दाखवलं: जुन्या पॅनलमध्ये चार्जर आरामात बसत होता. नुसता चार्जर आणि वायरिंग त्याच्या हिशोबाने १,५०० डॉलरच्या आत झालं असतं. मग पॅनल कशाला? तर ३० टक्क्यांनी हजार डॉलर पुरे व्हायला खर्च ३,३०० च्या वर जावा लागतो. “बिल मोठं असलं की सवलत पूर्ण मिळते,” असं तो मुलगा म्हणाला होता. हजार डॉलर वाचवण्यासाठी तीन हजार जास्त खर्च करायला लावणं, ही त्यांची पद्धत आहे.

आणि कामही धोकादायक केलं. चार्जर ४८ अँपिअरचा, त्याला ब्रेकर ६० चा, आणि भिंतीतून ओढलेली वायर ६ गेजची रोमेक्स. ही वायर ५५ अँपिअरपर्यंतच चालते. गाडी रात्रभर सलग वीज ओढत असते, म्हणून वायरिंगच्या सुरक्षा नियमांप्रमाणे (कोडप्रमाणे) वायरची क्षमता चार्जरच्या सव्वापट, म्हणजे इथे पूर्ण ६० लागते. वरून बघणाऱ्याला यातलं काही दिसत नाही. म्हणूनच टाउनशिपचं, म्हणजे स्थानिक प्रशासनाचं, परमिट आणि तपासणी असते. यांनी परमिट काढलंच नव्हतं, पण बिलात परमिटचे पैसे लावले होते. गॅरेजच्या वर मुलांची खोली आहे. पैशाचं मी समजू शकते, हे समजू शकत नाही. त्या इलेक्ट्रिशियनने तात्पुरतं चार्जरचं सेटिंग ४० अँपिअरवर आणलं, ब्रेकर ५० चा घातला, आणि मग रीतसर परमिट काढून तपासणी करून घेतली. तुमच्याकडे असा चार्जर बसला असेल, तर आधी टाउनशिपच्या बांधकाम खात्यात फोन करून तुमच्या पत्त्यावर परमिट निघालं आहे का ते विचारा.

वीज कंपनीकडूनही घरच्या वायरिंगसाठी काही रिबेट मिळते. आमच्या नावाने तो अर्जही यांनीच केला होता, आणि पैसे थेट कंत्राटदाराला द्यावेत अशी संमती टॅब्लेटवरच्या त्याच सह्यांमध्ये घेतलेली होती. आम्हाला ते वीज कंपनीच्या पत्रातून कळलं. अशी रिबेट मिळाली की करसवलतीसाठी धरायचा खर्चही साधारणपणे तेवढा कमी होतो. हेही कोणी सांगितलं नाही.

आता सगळ्यात गंभीर भाग. कर भरायची वेळ आली तेव्हा कंपनीतून फोन आला: “ताई, या सवलतीसाठी फॉर्म ८९११ भरावा लागतो, किचकट असतो, आमचा टॅक्सवाला दीडशे डॉलरमध्ये भरून देतो.” त्याने भरलेला फॉर्म आला. त्यात चार्जर बसवलेल्या जागेचा अकरा आकडी सेन्सस क्रमांक लिहावा लागतो, त्याला जिओआयडी म्हणतात. पहिले दोन आकडे राज्याचे, पुढचे तीन काउंटीचे, उरलेले सहा ट्रॅक्टचे. न्यू जर्सीचे ३४. आमची काउंटी मिडलसेक्स, तिचे ०२३. फॉर्मवर क्रमांक सुरू होत होता ३४०१३ ने. ०१३ म्हणजे एसेक्स काउंटी, जिथे नेवार्क आहे. नेवार्कमधल्या कुठल्यातरी पात्र ट्रॅक्टचा क्रमांक त्याने आमच्या घराला चिकटवला होता. आमचे नेहमीचे सीपीए (इथले सनदी लेखापाल) त्याच क्षणी म्हणाले, हे पाठवू नका. तयार करणाऱ्याच्या सहीची जागा रिकामी होती. पैसे घेऊन दुसऱ्याचं रिटर्न तयार करणाऱ्याने स्वतःचा पीटीआयएन, म्हणजे कर तयार करणाऱ्यांचा नोंदणी क्रमांक, लिहून सही करायची असते. तो सही करत नाही, कारण आयआरएसचं, म्हणजे केंद्रीय करखात्याचं, पत्र आलं की ते तुमच्या नावाने यावं, त्याच्या नाही.

रिटर्नवर सही करताना तुम्ही शपथेवर सांगता की यातलं सगळं खरं आहे. सवलत चुकीची निघाली तर ती रक्कम परत, त्यावर व्याज, आणि वर २० टक्के दंड लागू शकतो. आपल्यापैकी कितीतरी जणांचे व्हिसाचे, ग्रीन कार्डचे, नागरिकत्वाचे अर्ज चालू असतात आणि तिथेही कराची कागदपत्रं मागितली जातात. हजार डॉलरसाठी कोणी आपल्याला अशा ठिकाणी उभं करावं, याचा विचार करूनही संताप होतो.

ज्या निवृत्त जोडप्याचा उल्लेख केला, ते काका-काकू आमच्याच मंडळातले. सोशल सिक्युरिटीवर, म्हणजे सरकारी निवृत्तिवेतनावर राहतात, त्यांचा वार्षिक कर जेमतेम शे-दोनशे डॉलर. त्यांचं घर पात्र ट्रॅक्टमध्ये असतं तरी सवलत तेवढीच मिळाली असती. काकू त्या मुलाला ‘बाळा’ म्हणायच्या, तो घरी यायचा तेव्हा पोहे करायच्या. त्यांचं रिटर्न त्याच टॅक्सवाल्याने भरून पाठवलंसुद्धा, क्रमांक पुन्हा ३४०१३ चाच. काका कित्येक दिवस स्वतःच्या मुलाला सांगायला तयार नव्हते. लाज वाटत होती. मी त्यांना म्हटलं, काका, लाज त्याने बाळगायची, तुम्ही नाही. हे लिहायचं एक कारण तेही आहे. आपण गप्प बसतो, म्हणून तोच स्टॉल पुढच्या मेळ्यात पुन्हा लागतो.

पत्ता तपासायचा तर जनगणना खात्याच्या जिओकोडरवर घराचा पत्ता टाका, अकरा आकडी क्रमांक मिळतो. आर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेचा एक नकाशा आहे, त्यात तो भाग पात्र आहे की नाही हे दिसतं. आयआरएसच्या नोटीस २०२४-२० सोबत पात्र ट्रॅक्टच्या याद्या आहेत. कोणत्याही करारावर सही करण्याआधी हे स्वतः बघा, आणि कंत्राटदाराला तोंडावर विचारा, “माझा ट्रॅक्ट कोणता?” ज्याला उत्तर देता येत नाही त्याला सवलतीचं नावही काढू देऊ नका. घर पात्र असेल तर चार्जर नुसता विकत घेऊन भागत नाही, ३० जून २०२६ पर्यंत तो बसून चालू झालेला हवा.

आम्ही राज्याच्या ग्राहक व्यवहार विभागाकडे तक्रार केली आहे, आणि इलेक्ट्रिकल कंत्राटदारांच्या परवाना मंडळाकडे वेगळी. क्रेडिट कार्डावर दिलेल्या रकमेवर वाद घातला आहे, पैसे अजून परत आलेले नाहीत. न्यू जर्सीत ५,००० डॉलरपर्यंतचा दावा स्मॉल क्लेम्समध्ये वकिलाशिवाय लावता येतो, तो कागद आम्ही तयार करतो आहोत. टॅक्सवाल्याविरुद्ध आयआरएसकडे तक्रारीचा फॉर्म १४१५७ भरला. करार, ईमेल, व्हॉट्सअॅपवरचे निरोप, पॅनलचे फोटो, सगळं जपून ठेवलं होतं म्हणून हे शक्य झालं. तोंडी बोलणं मात्र सिद्ध करणं अवघड असतं, म्हणून ते जे काही सांगतील ते त्यांच्याकडून लेखी घ्या.

काका-काकूंनी दुरुस्तीचा फॉर्म १०४०-एक्स भरून रिटर्न दुरुस्त केलं, मिळालेले पैसे व्याजासह परत केले. आयआरएसचं पत्र येण्याआधी स्वतःहून केलेल्या दुरुस्तीवर सहसा तो २० टक्के दंड लागत नाही. तुमचं रिटर्न अशाच कोणी भरलं असेल, तर आजच फॉर्म ८९११ उघडून त्यावरचा क्रमांक आपल्या पत्त्याशी ताडून बघा आणि आपल्या सीपीएला फोन करा.